शाळेची शिस्त आणि मुलाची सदसद्विवेकबुद्धी

शाळेचे नियम दोन प्रकारच्या गोष्टींना हात घालतात. घंटा झाली की ओळीत उभे राहावे, वर्गात दंगा करू नये, कुणावर हात उगारू नये, परीक्षेत कॉपी करू नये, हे नियम मुलाच्या वागण्यापुरते असतात. हात जोडावेत, डोळे मिटावेत, अमुक गीत म्हणावे, अमुक प्रतिज्ञा उच्चारावी, हेही वरवर पाहता वागण्याचेच नियम. पण ते पाळताना मूल एखादी श्रद्धा किंवा निष्ठा आपली असल्याची कबुली देत असते. पहिल्या प्रकारचे नियम करण्याचा सरकारी शाळेचा अधिकार सहसा कुणी नाकारत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नियमांपुढे एखादे मूल शांतपणे थांबते आणि ‘हे मला करता येणार नाही’ म्हणते, तेव्हा शिस्तीचा प्रश्न धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा होतो.

मुलावर सक्ती करण्याचा अधिकार शाळेला मुळात कशाच्या आधारावर मिळतो, याचे उत्तर आधुनिक काळात दोन विचारवंतांनी नेमकेपणाने शोधले. इमॅन्युएल कांट यांची शिक्षणावरील व्याख्याने १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली. मूल पुढे स्वतंत्र माणूस व्हावे यासाठी शिक्षण असते आणि ते देताना त्याच्यावर बंधने घालावी लागतात. मग बंधनातून स्वातंत्र्य कसे घडवायचे, ही शिक्षणातली सर्वांत अवघड अडचण कांट यांनी तिथे मांडली. या मांडणीत सक्तीला मर्यादा आपोआपच येते. मुलाची पुढे स्वतः विचार करण्याची शक्तीच जिच्यामुळे खुंटेल, ती सक्ती शिक्षणाच्या नावाखाली करता येत नाही. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोरबॉनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत वेगळी बाजू घेतली. धर्मसंस्थेच्या हातून शिक्षण काढून घेतलेल्या देशात नीती शिकवायची कुणी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. वर्गातली शिस्त हीच मुलाची नीतीशी पहिली ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे होते. घरातले नियम मायेने वाकतात, शाळेचा नियम सर्वांना सारखा असतो आणि त्यातून मूल समाजाचा घटक होते. त्यांच्या मते शिक्षक हा समाजाच्या नैतिक कल्पनांचा जवळजवळ पुरोहित.

दुर्खेम यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि धोकाही तिथेच आहे. शिक्षक पुरोहित झाला की वर्ग देऊळ होतो. ज्याचा देव वेगळा आहे, त्या मुलाला मग तिथे बसायला जागा उरत नाही.

हा पेच भारतीय परंपरेला अनोळखी नाही. भागवताच्या सातव्या स्कंधातली प्रल्हादाची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, पण ती बहुधा खांबापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तिच्यातला शाळेचा भाग कमी आठवला जातो. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क हे राजाने नेमलेले शिक्षक. ते धर्म, अर्थ, काम आणि राजनीती शिकवतात. प्रल्हाद लक्ष देऊन ऐकतो, पाठ करतो, विचारले की म्हणूनही दाखवतो. एवढेच, की आपला आणि परका या भेदावर उभे असलेले ते ज्ञान त्याच्या मनाला पटत नाही. राजाने ‘काय शिकलास’ असे विचारल्यावर तो जे पटले ते सांगतो. तेव्हा गुरूंच्या तोंडी येणारे वाक्य कुठल्याही काळातल्या शाळेत शोभेल असे आहे. हा आमचे नाव घालवणार, छडी आणा, असे ते ओरडतात. प्रल्हादाने पाठ चुकवलेला नसतो, गुरूंचा अपमानही केलेला नसतो. शिस्तीला जे हवे ते सगळे त्याने दिलेले असते. मागितली जाते ती त्याच्या मनाची संमती, आणि तेवढी तो देत नाही. या मुलाला परंपरेने भक्तशिरोमणी मानले आहे. पाठ येणे आणि पाठ पटणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सोय त्यामुळे मराठी वाचकाच्या हाताशी केव्हाचीच आहे.

आधुनिक सरकारी शाळेत हा प्रश्न उभा राहिला तो राष्ट्राच्या प्रतीकांभोवती. जपानमध्ये १८९० साली सम्राटाची शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. जानेवारी १८९१ मध्ये टोकियोच्या एका वरिष्ठ शासकीय शाळेत तिच्या प्रतीसमोर सर्वांनी खोलवर वाकून नमन करावे असे ठरले. तिथले ख्रिस्ती शिक्षक उचिमुरा कान्झो यांना ते पूजेसारखे वाटले आणि ते पुरेसे वाकले नाहीत. देशभर गदारोळ उठला आणि त्यांची नोकरी गेली. हे उदाहरण विद्यार्थ्याचे नाही, शिक्षकाचे आहे. तरीही त्यात पुढच्या सगळ्या खटल्यांचे बीज आहे. राज्याला जे आदराचे चिन्ह वाटते, ते एखाद्याच्या धर्मात उपासना ठरू शकते.

अमेरिकेत हा झगडा यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांमुळे पेटला. हा पंथ ध्वजाला वंदन करणे ही मूर्तिपूजा मानतो. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल गावच्या शाळेने वंदन न करणाऱ्या बहीणभावांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी निकालपत्रात लिहिले ते एकतेबद्दल. राष्ट्रीय ऐक्याची भावना हा देशाच्या सुरक्षिततेचा पाया आहे आणि ती शाळेत कशी रुजवायची हे न्यायालयाने ठरवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. युरोपात तेव्हा युद्ध पेटलेले होते. निकालानंतर काही दिवसांतच मेन राज्यातील केनेबंक येथे या पंथाचे सभागृह जाळण्यात आले आणि ठिकठिकाणी पंथीयांवर जमावाचे हल्ले झाले. निकालाचा हेतू हा नव्हता. पण शाळेने ज्याला शिस्त मोडणारा ठरवले, त्याला गावाने देशद्रोही ठरवायला वेळ लावला नाही.

तीन वर्षांत न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षण मंडळाने जानेवारी १९४२ मध्ये ध्वजवंदन सक्तीचे केले होते. हात ताठ पुढे करून करायचे ते वंदन हिटलरच्या सलामीसारखे दिसते, अशी तक्रार पालक-शिक्षक संघटना, स्काउट आणि रेडक्रॉस यांनीही केली होती. वंदन न करणे म्हणजे आज्ञाभंग, आज्ञाभंगाला शिक्षा शाळेतून हकालपट्टी. मग काढलेले मूल ‘बेकायदा गैरहजर’ आणि पालकांना पन्नास डॉलरपर्यंत दंड व तीस दिवसांपर्यंत कैद. १४ जून १९४३ रोजी, अमेरिकेच्या ध्वजदिनीच, सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रद्द झाला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी धर्माच्या सवलतीपलीकडचा मुद्दा मांडला. ध्वजवंदन हे एक बोलणे आहे, आणि कुठल्याही मुलाला, मग त्याची अडचण धर्माची असो वा नसो, आपल्याला न पटणारे बोलायला भाग पाडण्याचा अधिकार कोणत्याच सरकारी अधिकाऱ्याला नाही. फ्रँकफर्टर यांचे भिन्नमतही वाचण्यासारखे आहे. आपण स्वतः इतिहासात छळ सोसलेल्या अल्पसंख्य समाजातले आहोत, अशी आठवण देऊन त्यांनी ते सुरू केले. त्यांचा विरोध पंथाविषयीच्या आकसातून आलेला नव्हता. कायदा शहाणपणाचा आहे की नाही हे न्यायाधीशाने ठरवू नये, एवढ्याच मताला ते धरून राहिले.

भारतात हाच प्रश्न चार दशकांनी केरळमध्ये आला. कोट्टयम जिल्ह्यातील किडंगूर येथील एन.एस.एस. हायस्कूलमध्ये याच पंथातील तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. सकाळच्या परिपाठाला ‘जन गण मन’ सुरू झाले की ती इतरांबरोबर सावधान उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहून शिकून गेल्या होत्या आणि तोवर कुणाचे काही बिघडले नव्हते. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या नजरेला हे पडले. त्यांना ते देशभक्तीला सोडून वाटले आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असाच अहवाल आयोगाने दिला. तरीही शाळा उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेतून काढले. सरकारचा आदेश येईपर्यंत तरी मुलांना बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. मुख्याध्यापिकांनी आपली असमर्थता लेखी कळवली. शाळेच्या कारभाराची ज्याला माहिती आहे त्याला ही साखळी ओळखीची वाटेल. वर्गात कुणाचीच तक्रार नसते, प्रश्न वरून येतो, मधला अधिकारी तो खाली ढकलतो आणि शेवटच्या पायरीवर मुलाचे शिक्षण थांबते.

उच्च न्यायालयात आधी एका न्यायमूर्तींनी आणि मग खंडपीठाने मुलांची याचिका फेटाळली. राष्ट्रगीताचा शब्दन्शब्द तपासून, त्यात कुणाच्याही धर्मभावना दुखावतील असे काहीच नाही, असा निष्कर्ष काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी हा निकाल उलटवला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांच्या मते उच्च न्यायालयाने प्रश्नच चुकीचा विचारला होता. गीतात आक्षेपार्ह काही आहे का, हे पाहायचेच नव्हते. मुलांची श्रद्धा खरी आणि मनापासूनची आहे का, एवढेच पाहायचे होते. ती योग्य आहे का, तिला तर्काचा आधार आहे का, हे न्यायाधीशाने पाहायचे नाही. या भूमिकेसाठी न्यायालयाने आधार घेतलेल्या वचनांत मुंबईचेही एक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पारशी समाजातील मुक्ताद विधींसाठी ठेवलेल्या निधीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दावर यांनी म्हटले होते, की समाजाची श्रद्धा ही अशी आहे असे सिद्ध झाले, की न्यायाधीशाने ती स्वीकारायची, तिच्यावर निवाडा करायचा नाही.

शिस्तीच्या दृष्टीने या निकालाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा देशात नव्हता. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अपमानाला आळा घालणारा कायदा गीत गाण्यात अडथळा आणणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांच्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा देतो. गप्प उभे राहणाऱ्याविषयी त्यात काही नाही. केरळच्या शिक्षण खात्याची १९६१ आणि १९७० ची परिपत्रके होती, पण मूलभूत हक्कावर बंधन घालायचे तर ते कायद्यानेच घालावे लागते, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे. आणि मुद्दाम केलेला आज्ञाभंग, खोडसाळपणा, लबाडी यांसाठी विद्यार्थ्याला काढता येते असे सांगणारा नियम या मुलांना लागू होत नव्हता, कारण त्यांचे वर्तन निर्दोष असल्याचे सगळेच मान्य करत होते. राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभे राहणे हाच आदर आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला.

या भूमिकेवर तीन गंभीर आक्षेप घेतले जातात. त्यांतला पहिला फ्रँकफर्टर यांचाच आहे. सर्वांनी मिळून एक गोष्ट केल्याने आपलेपणा तयार होतो आणि सवलतींनी तो विरतो. आक्षेप खोटा नाही. शेकडो मुले एका सुरात गातात तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर काटा येतो, हा अनुभव मोलाचा आहे. पण त्या सुराचा अर्थ गाणाऱ्याच्या इच्छेवर टिकून असतो. न गाणाऱ्याला शाळा सोडावी लागणार असेल, तर गाणाऱ्यांपैकी कोण मनापासून गातो आणि कोण भीतीने, हे कुणालाच कळेनासे होते. सक्ती ज्या निष्ठेचे रक्षण करू पाहते, तिची ओळखच ती पुसून टाकते.

दुसरा आक्षेप असा, की श्रद्धेच्या नावाखाली उद्या कुणी गृहपाठ नाकारेल, कुणी जीवशास्त्राचा धडा. इथे प्रल्हादाची कथा उपयोगी पडते. उत्क्रांतीचा धडा शिकणे आणि परीक्षेत त्यावर उत्तर लिहिणे म्हणजे तो पटल्याची शपथ घेणे नव्हे. परीक्षा ज्ञान तपासते. अभ्यासक्रम सर्वांसाठी सारखा ठेवण्याचा शाळेचा अधिकार म्हणून अबाधित राहतो, आणि दुसऱ्या मुलाला इजा किंवा त्रास होत असेल तिथे तर श्रद्धेची ढाल चालतच नाही. कुणी आपल्या धर्माच्या नावाने शेजारच्या दलित मुलाच्या डब्याला शिवायला नकार दिला, तर शाळेने ते मुळीच खपवून घेता कामा नये. तिथे दुसऱ्या मुलाच्या माणूसपणावर घाला पडतो, आणि ते मूलही शाळेच्याच भरवशावर तिथे आलेले असते.

पेहराव मात्र या दोन टोकांच्या मध्ये पडतो, आणि देशोदेशीची उत्तरे इथे वेगळी होतात. कॅनडातील क्यूबेकच्या एका सरकारी शाळेत २००१ साली एका शीख मुलाचे कृपाण मैदानात खाली पडले आणि वाद सुरू झाला. २ मार्च २००६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कृपाणावरची सरसकट बंदी रद्द ठरवली. कृपाण लाकडी म्यानात असावे, ते कापडात शिवून टाकलेले असावे आणि कपड्यांच्या आत राहावे, या अटी पुरेशा मानल्या गेल्या. इतक्या बारकाईने शोधलेली तडजोड हेच या निकालाचे वैशिष्ट्य. शाळेला सुरक्षितता मिळाली आणि मुलाला त्याचा धर्म. फ्रान्सने उलट वाट धरली. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने धार्मिक चिन्हे घालण्याने शाळेच्या कामात अडथळा येत नसेल तर हरकत नाही, असे मत दिले होते. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी सगळीच चिन्हे बंद केली.

कर्नाटकात ५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन आदेशानंतर हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसण्यास मनाई झाली. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १५ मार्चला हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असे ठरवून मनाई कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते फुटली. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी गणवेशाच्या समानतेला आणि शिस्तीला प्राधान्य दिले. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी किडंगूरच्या मुलांच्या निकालाचा आधार घेतला आणि या मुलींचे शिक्षण चालू राहते की नाही, हा प्रश्न मध्यभागी आणला. तत्त्व म्हणून पाहता धुलिया यांची बाजू अधिक भक्कम आहे. ‘अत्यावश्यक’ काय हे न्यायालय ठरवू लागले, की न्यायाधीशाला धर्मशास्त्री व्हावे लागते. मनापासूनची श्रद्धा आहे का, हा १९८६ चा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर साक्षीपुराव्याने देता येत होते. हिजाब गप्प उभे राहण्यासारखा मात्र नाही, तो इतरांना दिसतो आणि मुलीवर घरचा दबाव असण्याची शक्यताही असते, हे गुप्ता यांच्या बाजूने मान्य करायला हवे. पण त्या दबावावर शाळेचे दार बंद करणे हा इलाज होत नाही. दबावाखालच्या मुलीला घराबाहेरची जी एक जागा उरते, ती शाळाच असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न रोज सकाळी परिपाठात दडलेला असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बऱ्याच शाळांत शेवटी पसायदान. यांतले काही राष्ट्राचे आहे, काही धर्माचे, आणि काही असे की ज्याला महाराष्ट्रात कुणी एका धर्माचे मानत नाही. संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद यांत रेघ ओढतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. प्रार्थना कधी उपासना होते, हे मात्र अनुच्छेद सांगत नाही. केंद्रीय विद्यालयांत डोळे मिटून, हात जोडून म्हणायच्या संस्कृत प्रार्थनेला दिलेले आव्हान जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली, ती याच कारणाने. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत आणि त्यासाठी त्यांची वेतनश्रेणी रोखली गेली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्काच्या विरोधात असल्याचे सांगितले.

शिक्षेच्या बाबतीत कायदा आता १९८५ पेक्षा पुढे गेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सोळावे कलम प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते. सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. हात न जोडणाऱ्या मुलाला रोज ओळीबाहेर काढून सर्वांसमोर उभे करणे याच दुसऱ्या प्रकारात बसते. वर्गात त्याला ‘देशद्रोही’ म्हणणाऱ्या सवंगड्यांना आवरणे हे वर्गशिक्षकाचे काम आहे, आणि शिस्त हा शब्द त्या कामासाठीच वापरला जावा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. पाचवीतल्या मुलीची श्रद्धा तिची की आईवडिलांची? मुलाच्या नावाने पालकच आपला हक्क बजावत असतील, तर शाळेने कुणाच्या सदसद्विवेकबुद्धीचा मान राखायचा? संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा चौदावा अनुच्छेद विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलालाच देतो आणि पालकांकडे मार्गदर्शनाचे काम ठेवतो, तेही मुलाच्या वाढत्या समजेनुसार. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. जर्मनीत १९२१ पासून कायदाच आहे. बारा वर्षांनंतर मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या धर्मात वाढवता येत नाही आणि चौदाव्या वर्षी धर्माचा निर्णय मूल स्वतः घेते. भारतात अठ्ठाविसावा अनुच्छेद अठरा वर्षांपर्यंत संमती पालकाकडेच ठेवतो. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांचा नास्तिक मुलगा घरच्या संमतीने प्रार्थनेला उभा केला जातो तेव्हा, किंवा आठवीतल्या मुलीला घरच्यांच्या नकारामुळे मैत्रिणींबरोबर गाता येत नाही तेव्हा, तिचे किंवा त्याचे म्हणणे ऐकण्याची कायद्याने सांगितलेली पायरीच नाही. ती तयार करायची असेल तर वयाची एखादी रेघ ठरवावी लागेल. तोवर हा निर्णय वर्गशिक्षकाच्या समजुतीवर चालतो आणि एका शाळेत सहज मिटणारी गोष्ट दुसऱ्या शाळेत न्यायालयापर्यंत जाते.